उंचीचा रिकामा रकाना

वाढ खुंटलेल्या बालकांना द्यावयाच्या वृद्धी-संप्रेरकाची चर्चा आपल्याकडे किमतीपाशीच थांबते. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या तालुक्याच्या गावी हे औषध उद्या फुकट मिळाले, तरी त्यावर देखरेख कोण ठेवणार, हा प्रश्न उरतोच.

या औषधाचा इतिहास सावध करणारा आहे. प्रारंभी ते मृतांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढले जाई. १९८५ साली अमेरिकेत असे औषध घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य विकाराने दगावले आणि ते बंद झाले. त्याच वर्षी जनुकतंत्राने बनवलेले संप्रेरक बाजारात आले. त्यात तो धोका नाही. दुष्परिणाम मात्र आहेत. तीव्र डोकेदुखीसह दृष्टी अंधुक होणे हे कवटीतील दाब वाढल्याचे, तर मांडी-गुडघा दुखून मूल लंगडणे हे खुब्याचे हाड सरकल्याचे लक्षण असू शकते. रक्तातील साखर वाढते, थायरॉइडची उणीव उघडी पडते, पाठीचा बाक वाढू शकतो. हे क्वचित घडते व वेळीच कळल्यास बहुधा आवरता येते. पण गावात लंगडणाऱ्या मुलाला 'खेळताना पडला असेल' म्हणून तेल चोळले जाते!

त्याआधीची पायरी निदानाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३५.७ टक्के बालके खुजी आहेत, महाराष्ट्रात ३५.२. यांतील बहुतेकांना सुई नव्हे, सकस अन्न हवे. काहींना थायरॉइडची गोळी, तर गव्हाने आतडे बिघडलेल्यांना आहारबदल पुरतो. संप्रेरकाची खरी उणीव मोजक्याच मुलांत असते आणि ती या गर्दीत हरवते. शासकीय आढावा बैठकांत वजनाचा रकाना भरलेला आणि उंचीचा कोरा, असे तक्ते मी वर्षानुवर्षे पाहिले. सही मीही केली.

२०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या उणिवेसाठी या उपचाराचा समावेश आहे. परंतु तेव्हा नेमलेल्या आठ केंद्रांत मध्य प्रदेशातील एकही नव्हते. रोज रात्री सुई, दोन ते आठ अंश तापमानात औषध, दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी, तीही अनेक वर्षे: मजुरी बुडवून हे कोणाला झेपेल? म्हणून मंजुरीपत्रातच जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तपासणीच्या तारखा आणि प्रवासभाडे नोंदवले जावे. मझौलीसाठी ते ठिकाण जबलपूर असेल. सुई टोचणारी परिचारिका मात्र गावातलीच हवी.