नेम सर्वांचा, पिस्तूल कोणाचे?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले काठी हे गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. एके काळी पश्चिम खानदेशातील मेहवासी संस्थानांत त्याची गणना होत असे. सातपुड्याच्या या मुलखात तिरकामठा पिढ्यान्‌पिढ्या हाताळला गेला आहे. नेम म्हणजे काय हे तेथील मुलाला कोणी बाहेरून येऊन सांगावे लागत नाही. तरीही नेमबाजीच्या मैदानाकडे जाणारी वाट त्याच्यासाठी जवळजवळ बंद आहे. दोष त्याच्या डोळ्याचा की खेळाच्या अर्थकारणाचा?

महाराष्ट्राने या खेळात नाव कमावले आहे. राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेमबांग येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवले. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणले. त्यांचा अभिमान रास्तच आहे. पण या पातळीवरची पिस्तुले खास स्पर्धेसाठी घडवलेली, बहुधा परदेशी आणि लाखाच्या वर किंमत असलेली असतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत ‘नामांकित नेमबाजा’ला सवलती आहेत, मात्र नामांकित होण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण हवेत आणि ते मिळवण्यासाठी आधी चांगले शस्त्र व सराव हवा. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच हे चक्र भेदता येते.

या कोंडीवर जगात एक उपाय योजला गेला आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या स्पर्धांत ‘प्रॉडक्शन’ नावाचा विभाग आहे. त्यात मान्य यादीतील, कारखान्यातून बाहेर पडलेले सर्वसाधारण पिस्तूलच चालते; दुर्बिणीसारखी साधने लावता येत नाहीत, फेरफारांवर कडक मर्यादा असते. स्पर्धा शक्य तेवढी हाताची आणि डोळ्याची राहावी, हा त्यामागील हेतू.

हे तत्त्व आपल्याकडे सहज रुजू शकेल. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्व्हर बनते. २५ मीटर सेंटर फायर प्रकाराला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची शस्त्रे चालतात; .३२ त्या मर्यादेत बसते. काडतुसे बनवणारा वरणगावचा कारखाना तर खानदेशातच आहे. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या कारखान्यांच्या मालावर आधारलेला एक स्वतंत्र प्रकार राज्य स्पर्धेत का असू नये?

तिरंदाजीने हा धडा आधीच गिरवला आहे. बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा प्रकार आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत आहे. राजस्थानातील आदिवासी लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर नेम शिकले आणि १९८८ साली ऑलिंपिकला पोहोचले. गुण आधी साध्या साधनावर पारखले, महागडे साधन मागाहून हाती दिले; हा क्रम शहाणपणाचा ठरला.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की यामुळे घरोघरी पिस्तुले पोहोचतील. ही भीती अनाठायी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील बंधने सैल करण्याची मागणी कोणीही समाजवादी करणार नाही. म्हणूनच शस्त्र सार्वजनिक नेमबाजी केंद्राच्या मालकीचे असावे, तेथेच कुलपात राहावे व स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी टाकून वाटले जावे. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये २०२४ पर्यंत घोडे असेच चिठ्ठीने मिळत. आरंभ तर एअर पिस्तुलाने करता येतो; .१७७ व्यासापर्यंतच्या आणि वीस जूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की साधे रिव्हॉल्व्हर खास पिस्तुलाइतके अचूक नसते. त्याचा चापही जड. हे खरे. पण ती उणीव सर्वांच्या वाट्याला सारखीच येते. धोका वेगळाच आहे: ‘साधे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शस्त्राची किंमत उत्पादक हळूहळू चढवत नेतात. त्यासाठी नियमात किमतीची कमाल मर्यादा हवी. ती नसेल तर हा विभागही श्रीमंतांचाच होईल.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. नंदुरबारला जिल्हा होऊन १९९८ पासून पाव शतकाहून अधिक काळ लोटला. जिल्हा क्रीडा समितीपुढे आणि आदिवासी विकास विभागापुढे आश्रमशाळांसाठी एअर पिस्तुलांच्या सार्वजनिक केंद्राची मागणी ठेवावी. होळीच्या दिवशी काठीला मंत्री-अधिकारी पाहुणे म्हणून जातात. त्यांना तेथेच विचारावे की या मुलांचा नेम वर्षातून एकदा कौतुकाने पाहण्यापुरताच आहे काय?