धावते वर्णन कोणी करावे?

क्रीडांगणावर जाऊन सामना प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते. इतरांसाठी तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिला जातो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वाणीने सांगितला जातो. नभोवाणीजवळ कान देऊन बसलेल्या श्रोत्याला ना हिरवळ दिसते, ना चेंडू. गोलंदाज धावत निघाला, चेंडू टप्पा पडताच वळला, फलंदाजाने पाऊल पुढे टाकले, हे सारे घडत असतानाच त्याला शब्दांतून दाखवावे लागते. म्हणूनच या कलेला आपण 'धावते वर्णन' म्हणतो. खेळ धावतो, आणि त्याच्या मागोमाग शब्दांनाही धावावे लागते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. त्याला खेळाचे सखोल ज्ञान हवे, क्षणभरही न ढळणारे लक्ष हवे आणि भाषेवर प्रभुत्व हवे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे वर्णन मराठीत केले, तेव्हा या परक्या खेळाला घरचे शब्द मिळाले आणि इंग्रजी न जाणणाऱ्या माणसालाही सामना 'दिसू' लागला. ज्ञान, अवधान आणि वाणी हे समालोचकाचे खरे भांडवल होय. यांपैकी कोणता गुण केवळ पुरुषालाच लाभतो? मला तरी तसा एकही आढळत नाही. तरीसुद्धा समालोचकाच्या आसनावर पुरुषानेच बसायचे, असे कितीतरी वर्षे जग गृहीत धरून चालले होते.

ही समजूत मोडणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये चंद्रा नायडू यांची गणना होते. नागपूरला जन्मलेले आणि इंदूरच्या होळकर संघाला वैभव मिळवून देणारे कर्नल सी. के. नायडू हे त्यांचे वडील. १९३२ साली लॉर्ड्स मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा संघाचे नेतृत्व सी. कें.कडे होते. त्याआधी १९२६ साली मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार ठोकले. अशा पित्याच्या घरात वाढलेल्या मुलीच्या कानांवर क्रिकेटची भाषा बालपणापासून पडली असेल, यात नवल ते काय? चंद्राबाई पुढे इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. १९७६-७७ च्या हंगामात इंदूरला मुंबई आणि एम. सी. सी. यांच्यात सामना झाला, तेव्हा त्या समालोचक म्हणून ध्वनिक्षेपकासमोर बसल्या. ज्या संघाला पित्याने बॅटीने उत्तर दिले होते, त्याच नावाच्या संघाचा खेळ पन्नास वर्षांनंतर कन्येने वाणीने लोकांपुढे उभा केला. वडिलांच्या आठवणी सांगणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. २०२१ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, त्यांना थोर पित्याच्या नावाचा आधार होता. ते खरेच आहे. मग असा कोणताही आधार नसलेल्या स्त्रीचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडमधील जॅकी ओटली यांना फुटबॉलचे अतोनात वेड होते. त्या स्वतः खेळतही असत. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांचे खेळणे थांबले. तेव्हा त्यांनी चांगली नोकरी सोडली, वार्तांकनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि एका रुग्णालयाच्या छोट्याशा नभोवाणीवर बोलण्यापासून आरंभ केला. लहानसहान सामन्यांची वृत्ते देत देत त्या बी. बी. सी.पर्यंत पोहोचल्या. २००५ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय नभोवाणीवरून फुटबॉल सामन्याचे वर्णन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

एवढी तयारी असूनही त्यांची खरी कसोटी पुढेच होती. 'मॅच ऑफ द डे' हा बी. बी. सी.चा दूरदर्शनवरील कार्यक्रम १९६४ पासून चालत आला होता. एप्रिल २००७ मध्ये त्यातील एका सामन्याचे वर्णन ओटली करणार, असे जाहीर झाले आणि वृत्तपत्रांत गदारोळ उठला. ४३ वर्षांत तिथे एकाही स्त्रीने समालोचन केले नव्हते. त्यांच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडण्यापूर्वीच अनेकांनी त्यांच्याविरुद्ध निकाल देऊन टाकला. ओटली यांनी वाद घातला नाही. ठरल्या दिवशी त्या मैदानावर गेल्या आणि आपले काम चोख करून परतल्या. पुढे २०१६ साली क्रीडा-प्रसारणातील कार्याबद्दल त्यांना ब्रिटनचा राजसन्मान मिळाला.

स्त्री-समालोचकांविरुद्ध सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ज्या व्यक्तीने मोठ्या मैदानावर पुरुषांचा खेळ खेळलेला नाही, तिला तो काय कळणार? पण हा नियम पुरुषांना कधी कोणी लावला होता काय? जॉन आर्लट यांचे वर्णन ऐकण्यासाठी क्रिकेटरसिक १९४६ पासून १९८० पर्यंत कान टवकारून बसत. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नव्हता. ते आधी पोलिस खात्यात नोकरीला होते आणि त्यांना कवितेची गोडी होती. तरीही त्यांना कोणी अडवले नाही, आणि ते योग्यच झाले. मग हीच मोकळीक स्त्रीला का नसावी?

दुसरा आक्षेप असा, की स्त्रीचा आवाज मैदानाच्या वर्णनाला शोभत नाही, कानाला चमत्कारिक वाटतो. वस्तुतः हा दोष आवाजाचा नसून सवयीचा आहे. जो आवाज आपण कधी ऐकलेलाच नाही, तो प्रथम ऐकताना वेगळा वाटणारच. भारताच्या माजी कर्णधार अंजुम चोप्रा आणि २००९ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील गोलंदाज ईशा गुहा यांनी पुरुषांच्या सामन्यांचेही समालोचन केले आहे. जे काल नवल होते, ते सवयीने आज नित्याचे होऊ लागले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केवळ स्त्री म्हणून कोणाला हे आसन द्यावे, असे माझे म्हणणे नाही. ज्याला खेळ कळत नाही, ज्याची भाषा अडखळते, त्याने तेथे बसू नये. मग तो पुरुष असो वा स्त्री. माप मात्र दोघांना एकच असावे. पुरुष चुकला की आपण म्हणतो, "अमुक गृहस्थ चुकले." स्त्री चुकली की म्हणतो, "बायकांना यातले काय कळते!" एकाची चूक त्याची एकट्याची आणि दुसरीची चूक मात्र तिच्या साऱ्या जातीची, हा न्याय नव्हे.

मुलामुलींनो, तुमच्या शाळेच्या मैदानावर लवकरच सामने होतील आणि कोणीतरी ध्वनिक्षेपक हाती घेईल. तो कोणाच्या हाती द्यावा, असा प्रश्न निघाला, तर चारदोघांना त्याच खेळाचे पाच-पाच मिनिटे वर्णन करायला सांगा आणि तुम्ही मैदानाकडे पाठ करून बसा. ज्याच्या शब्दांनी सामना तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहील, त्याच्याच हाती ध्वनिक्षेपक द्या. तो मुलगा आहे की मुलगी, हे मागाहून वळून पाहिले तरी चालेल.