आजोबांसाठी फॉरेनहून काय आणाल?

मागच्या दिवाळीत मामा लंडनहून आला तेव्हा त्याने आजोबांसाठी ग्लुकोमीटर आणला. छोटासा, चकचकीत, तळहातात मावणारा. दुसऱ्या दिवशी आजोबांनी उपाशीपोटी बोटाला सुई टोचली, पट्टी लावली आणि स्क्रीनवर आकडा आला ८.२. आजोबा जाम खुश! ‘साखर आठवर आली’ म्हणत त्यांनी फराळाला दोन करंज्या जास्तच घेतल्या.

झालं असं होतं की ब्रिटनमध्ये रक्तातली साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात आणि आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. तिथल्या आकड्याला १८ने गुणलं की आपला आकडा मिळतो. म्हणजे ८.२ची साखर होती साधारण १४८! महिनाभरात पट्ट्याही संपल्या. त्या मॉडेलच्या पट्ट्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नव्हत्या आणि गावात कुठेच नव्हत्या. मीटर फ्रिजवर जाऊन बसला.

तुमच्यापैकी कुणी एमएससाठी बाहेर गेलं असेल, कुणी एक्स्चेंज सेमिस्टरला, कुणी पहिल्यांदाच ट्रिपला. परत येताना आजी-आजोबांसाठी काहीतरी ‘गॅजेट’ घ्यावंसं वाटणारच. १९९१पूर्वी आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे फॉरेनच्या वस्तूचं अप्रूप होतं. आज तेच फोन आणि तीच घड्याळं आपल्या शहरातही मिळतात. मग तिकडून आणायचं कशासाठी? बहुतेकांचं उत्तर एकच: स्वस्त पडतं म्हणून. हे स्वस्त खरंच कितीला पडतं, ते बघूया.

पहिला हिशोब कस्टम्सचा. २०१६च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतील, असं ठरलं होतं. ही मर्यादा आणि कराचा दर वेळोवेळी बदलतो, त्यामुळे निघण्याआधी कस्टम्सच्या वेबसाइटवर एकदा बघाच. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा चालतो. फोनला मात्र अशी सवलत नाही, तो याच मर्यादेत धरला जातो. ‘आजीसाठी गिफ्ट आहे हो’ म्हटल्याने वस्तू मर्यादेबाहेर जात नाही. दोघांची मर्यादा एकत्र करून एक महाग वस्तूही आणता येत नाही.

दुसरा हिशोब सिमचा. २०२२मध्ये आलेल्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम. तुम्हाला ते दहा मिनिटांचं काम वाटेल. पण आजोबांच्या पेन्शनचा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. फोन बंद पडला तर सिम काढून जुन्या डब्बा फोनमध्ये घालायचं, हा त्यांचा हक्काचा उपाय आपण काढून घेतो. आणि तुम्ही तेव्हा हजारो किलोमीटरवर असता.

तिसरा हिशोब विजेचा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १०० व्होल्टची आणि आपल्याकडे २३०. फोनचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात. पण गुडघे शेकायचा हीटिंग पॅड किंवा मसाजर फक्त तिथल्या व्होल्टेजसाठी बनवलेला असू शकतो. प्लगचा अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. इथे लावला की फुस्स, आणि तोही आजीच्या गुडघ्याला बांधलेला असताना!

श्रवणयंत्राचा मोह सगळ्यात मोठा. ऑक्टोबर २०२२पासून अमेरिकेत प्रौढांच्या सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी ती चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. पण आजीला नेमकं किती कमी ऐकू येतं, हे कान तपासल्याशिवाय कळणार कसं? यंत्र कानाला जुळवून घ्यायला दोन-चार फेऱ्या होतातच, आणि त्या फेऱ्या घराजवळच मारता येतात. शिवाय आपल्याकडे श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरचाही २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्क्यांवर आला.

मग काहीच आणायचं नाही का? आणा की! ज्याला पट्टी, सिम, सर्व्हिस सेंटर लागत नाही, असं काहीही आणा. ज्याला दुरुस्ती लागणार, ते त्यांच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा दुकानातूनच घ्या. आणि घेण्याआधी त्यांना विचारा. सरप्राइजची हौस आपल्याला असते. त्यांना बहुतेक वेळा हवा असतो जुन्याच फोनमध्ये मोठा फॉन्ट, मराठी कीबोर्ड आणि शेजारी बसून न चिडता शिकवणारं कुणीतरी. तेवढा एक तास सुट्टीत काढता येतो.

यंदा मामाने लोकरीची टोपी आणली आणि मीटर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतला. आजोबा टोपी घालूनच साखर तपासतात. आकडा तीन अंकी येतो, आणि करंजी एकच मिळते.