आरोग्यविचार : कंठांतील रक्तार्बुद

कंठाचा कर्करोग म्हटला कीं, चंद्रपूर-गडचिरोलीकडील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम खर्रा उभा राहतो, आणि तें यथार्थच आहे. पानठेल्यावर पन्नींत घोटून मिळणारें हें सुपारी, तंबाखू व चुना यांचें मिश्रण किती घरांत शिरलें आहे, हें सांगावयास नकोच. नुसती सुपारीहि, तंबाखूवांचून, कर्करोग उत्पन्न करते असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2004 सालीं दिला. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें 2016 सालीं ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला, तो दारू व तंबाखू यांच्याच विरुद्ध.

परंतु यावरून एक विपरीत समजूत रूढ झाली आहे. “आमच्या घरीं कोणी सुपारीचें खांडहि तोंडांत टाकीत नाहीं, मग आम्हांस कसला कर्करोग?” असें सुशिक्षितहि म्हणतात. त्यांच्यासाठींच आजचा विषय योजिला आहे.

नेहमींचा कंठाचा कर्करोग घशाच्या अस्तरांत उद्भवतो. रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरांतून उद्भवणारें अर्बुद निराळें. त्यास ‘अँजिओसार्कोमा’ म्हणतात. (सुश्रुतसंहितेंत ‘रक्तार्बुद’ हा शब्द आहे खरा; पण तेंच हें, असें ठासून सांगण्याचा मोह आवरलेला बरा.) तें मुळांतच विरळा, आढळलें तर बहुधा वृद्धांच्या डोक्याच्या वा चेहऱ्याच्या त्वचेवर. घशांत तें इतकें दुर्मिळ कीं, वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रोग्याची हकीकत म्हणून छापलें जातें. पूर्वीं त्या भागीं किरणोपचार झालेला असणें, हें त्याचें एक ठाऊक कारण. वर्षानुवर्षे सुजून राहिलेल्या हातापायांतहि तें क्वचित् निघतें. आणि हत्तीपाय हा तर या दोन्ही जिल्ह्यांचा जुना शेजारी! पुष्कळदां मात्र कांहींच कारण सांपडत नाहीं.

खरी अडचण ओळखण्याची आहे. आवाज बसणें, गिळतांना अडखळणें, थुंकींत रक्त येणें, ही लक्षणें साधींच. आंत पाहिलें तर जांभळट, रक्ताळ गांठ दिसते. तशी निरुपद्रवी गांठहि असते. मग कोणी ‘उष्णता’ म्हणून गुलकंद सुचवितो, कोणी ती जाळून टाकण्याचा सल्ला देतो. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावांचून निर्णय होत नाहीं, आणि तेथेंच वडील मंडळी आड येतात : “शस्त्र लागलें कीं रोग पसरतो.” ही समजूत निराधार आहे. भीति असलीच तर रक्तस्रावाची. म्हणून तें काम शस्त्रक्रियागृहांतच व्हावें. उशीर केल्यास मात्र हें अर्बुद रक्तावाटें फुप्फुसांपर्यंत पोंचतें, व मग शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा खुंटतो.

घरांतील स्त्रिया बसलेला आवाज महिनोन्‌महिने लपवितात, हें पुरुषांनीं ध्यानीं धरावें. तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाहीं, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून दुर्बिणीनें तपासणी करवावी; थुंकींत रक्त दिसल्यास तेवढेंहि थांबूं नये. सिरोंच्याहून नागपूर गांठणें म्हणजे सबंध दिवसाचा प्रवास. तेव्हां निघतांना जुने कागद, विशेषतः पूर्वींच्या किरणोपचाराचे, बरोबर घ्यावेत, आणि घेत असलेल्या औषधांत रक्त पातळ करणारें औषध असल्यास तें वैद्यांस आरंभींच सांगावें.