स्टेपनी खाली उतरवून दाखवा!

गेल्या वर्षी मी एक चार ओळींची बातमी दिली होती. ‘रस्त्यावरील अज्ञात वस्तूला धडकून दुचाकीस्वार जखमी.’ आज कबूल करतो, ती बातमी अर्धवट होती. वस्तू अज्ञात नव्हती. पिकअपची स्टेपनी होती, रिमसकट. मासळीचा वास येत होता आणि नायलॉनच्या दोरीचा तुटका तुकडा तिला अजून बांधलेला होता. गाडी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॉलेजातला पोरगा, मांडीचं हाड मोडलं, वर्ष बुडालं. मागे काय पडलंय, याचा ड्रायव्हरला बहुतेक पत्ताही नसेल.

तेव्हापासून पिकअप दिसली की खाली वाकून बघायची मला खोडच लागलीय. तुम्हीही बघा. हौद्याच्या खाली, मागच्या बाजूला स्टेपनी साखळीला नाहीतर वायररोपला टांगलेली असते. मागून दांडा घालून फिरवला की ती हळूहळू खाली येते. सोय चांगली आहे, माल भरलेला असला तरी हौदा रिकामा करावा लागत नाही. पण मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी गळतं ते नेमकं तिथेच. वर चाकांनी उडवलेला चिखल. ग्रीस कुणी लावत नाही. मग एकतर सगळं गंजून घट्ट बसतं, नाहीतर झिजून तुटतं.

घट्ट बसलं की काय होतं ते आंबा घाटात रात्री पंक्चर झालेल्या ड्रायव्हरला विचारा. भरल्या गाडीखाली पाठीवर झोपायचं, हातोडा मारून साखळी तोडायची, आणि वळणावरून येणाऱ्या ट्रकला आपण दिसू दे म्हणून देवाचं नाव घ्यायचं. एकदा तोडलेली साखळी परत कोण बसवतो? पुढे स्टेपनी दोरीवर लटकते. रस्त्यात पडते ती हीच.

आता मुद्द्याचं. मालवाहू गाडीचं पासिंग ती ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी करावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे नियम आहे, फी आहे, रांगही आहे. त्या दिवशी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या, रंग ताजा. ओळखीच्या बऱ्याच ड्रायव्हरांना मी एकच प्रश्न विचारला, ‘पासिंगला कधी कुणी स्टेपनी खाली उतरव म्हणालं का?’ एकही जण हो म्हणाला नाही. एक तर हसलाच. म्हणे, ‘दादा, आहे का एवढंच बघतात. काहीजण तर तीसुद्धा दुसऱ्याची मागून नेतात.’

ड्रायव्हर निष्काळजी असतात, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याला पहाटेचा बाजार गाठायचाय आणि दुरुस्तीचा खर्च मालकाने द्यायचाय. मालक म्हणतो ड्रायव्हरने बघावं, कंपनी म्हणते सर्व्हिसिंग वेळेवर करा. या टोलवाटोलवीत रिमसकट जड टायर भर रस्त्यात पडतो आणि मागून येणारा दुचाकीवाला त्याची किंमत मोजतो. त्याचा या धंद्याशी काय संबंध?

म्हणून माझं मागणं साधं आहे. पासिंगच्या वेळी प्रत्येक पिकअपची स्टेपनी पूर्ण खाली उतरवून परत वर चढवून दाखवायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. उतरली नाही तर पासिंग नाही. कंपन्यांनी मूळ साखळीबरोबर जादाची एक सुरक्षा साखळी कारखान्यातूनच द्यावी. आणि मालकांनो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तुमच्या गाड्या बऱ्यापैकी उभ्याच असतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकदा स्टेपनी उतरवा, साखळी धुवा, ग्रीस लावा. तुटायला आलेली असेल तर बदला. दोरी बांधून भागवू नका.

राहिलो आम्ही पत्रकार. पुढच्या वेळी ‘अज्ञात वस्तू’ लिहायचं नाही, स्टेपनी लिहायचं. माझ्यापासून सुरुवात.