अंगठ्याची राखण

भात पोटरींत आलें म्हणजे त्याची राखण करावी लागते, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु तेंच भात विकून आलेला पैसा बँकेंत जमा झाला कीं पुढील राखण बँकेची, आपली नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्या भागास हा धोका अधिक आहे. १९४९ सालीं निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हांपासून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूंतील शेतजमीन घरें, कारखाने व रस्ते यांखालीं सारखी जात आहे. अलीकडे मुंबई–वडोदरा द्रुतगति मार्गासाठींही बदलापूरकडील जमिनींचें संपादन झालें. भात, गवत व जांभळें यांवर ज्याचा संसार चाले, त्याच्या खात्यांत एके दिवशीं जन्मांत न पाहिलेली रक्कम येऊन पडते. जमीन गेली ती गेलीच. तिच्या मोबदल्याची रक्कमही गेली तर पुढच्या पिढीच्या हातीं काय उरणार?

भामट्याची रीत ठरलेली आहे. फोन येतो. बोलणारा आपलें नांव, गांव, गट नंबर व क्षेत्र बिनचूक सांगतो, आणि एवढें ज्यास ठाऊक तो सरकारी माणूस असलाच पाहिजे, असें आपण धरून चालतों. येथेंच आपण फसतों. सात-बाराचा उतारा आज सरकारी संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतो. वेशीवरची पाटी वाचणारा कांहीं गांवचा पाटील ठरत नाहीं! यानंतर तो घाई करतो: ‘किसान सन्मान निधीचा हप्ता अडेल’, ‘संध्याकाळपर्यंत खातें बंद पडेल’. मग तो व्हॉट्सॲपवर एखादी फाईल पाठवितो. ती मोबाईलमध्यें बसविली कीं बँकेकडून येणारे गुप्त संदेश आपल्याआधीं तोच वाचूं लागतो. म्हणून पहिला नियम असा कीं, जो घाई करील त्याचा फोन खालीं ठेवावा व स्वतः बँकेंत किंवा तलाठ्याकडे जाऊन चौकशी करावी. दुसरा असा कीं, पैसे येण्यास पिन कधींच लागत नाहीं, तो पैसे देण्यासच लागतो. ‘पैसे पाठवितों, पिन दाबा’ असें जो म्हणतो, तो चोर समजावा.

कित्येक वडील मंडळी यावर म्हणतात, ‘आम्ही मोबाईलच वापरीत नाहीं, आमचें कोण काय नेणार?’ त्यांनीं पुढील हकीकत नीट वाचावी. आधारशीं जोडलेल्या खात्यांतून पैसे काढण्यास पिन लागत नाहीं कीं मोबाईलवर येणारा अंकही लागत नाहीं. आधार क्रमांक, बँकेचें नांव व बोटाचा ठसा एवढ्यावर रक्कम मिळते. ज्या म्हाताऱ्यास अक्षरओळख नाहीं, त्याच्या सोयीसाठींच ही योजना झाली व ती सोय खरी आहे. परंतु जमीनधारकाचा अंगठा हा केवळ त्याच्या हाताला नसतो. तो खरेदीखतांवर, गहाणखतांवर व वाटणीपत्रांवर उठलेला असतो, आणि त्याच्याच शेजारीं आधारची नक्कल जोडलेली असते. २०१८ सालीं तेलंगणांत एका इसमानें नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून ठसे घेऊन, ते रबरावर उठवून, परक्यांच्या नांवें सिमकार्डें चालू केलीं. २०२३ सालीं कर्नाटकांत दस्तनोंदणी केलेल्या अनेकांनीं याच मार्गानें खात्यांतून पैसे गेल्याच्या तक्रारी केल्या. यांत फसलेल्यांनीं कोणास कांहीं सांगितलें नव्हतें. मोबाईल न वापरणाऱ्यास तर पैसे गेल्याचा संदेशही कळत नाहीं.

यावर उपाय आहे व त्यास पैसा पडत नाहीं. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा त्याच्या ॲपमधून आपल्या ठशांस कुलूप घालतां येतें. गरजेपुरतें तें उघडून पुन्हां लावतां येतें. हें काम घरांतल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून आजच करून घ्यावें. आधारची नक्कल द्यावयाची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी द्यावी व ती कशासाठीं दिली हें तिच्यावर लिहावें. मोबदल्याची मोठी रक्कम रोजच्या व्यवहाराच्या खात्यांत न ठेवतां मुदत ठेवींत ठेवावी.

तथापि सगळा बोजा शेतकऱ्यावरच टाकणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. मागें सावकाराच्या खतावर, आंत काय लिहिलें आहे हें न कळतां, नांगराची निशाणी करणारा कुणबी असाच नागविला गेला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा उठाव झाला. लोकांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें गांवचा रजिस्ट्रार नेमून दस्त त्याच्या देखरेखीखालीं लिहावा व शेतकऱ्यास वाचून दाखवावा, असें ठरविलें. ‘सावध रहा’ एवढें सांगून सरकार मोकळें झालें नाहीं. आजही तेंच मागणें आहे. नोंदलेल्या दस्ताची नक्कल परक्यास देतांना ठसे व आधार क्रमांक झांकावेत. ठशावर पैसे काढण्याची वाट खातेदारानें मागितल्याखेरीज बँकेनें उघडूं नये. आपल्या संस्थेनेंही प्रत्येक गांवीं एक बैठक घेऊन, बँकेच्या माणसासमक्ष, ठशांस कुलूप घालण्याचें काम उरकावें.

शेवटीं लाजेविषयीं. फसलेला मनुष्य घरांतही बोलत नाहीं, आणि भामट्यास हवा असतो तो वेळ त्यास मिळतो. चोरी कळतांच त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस लेखी कळवावें व पोंच घ्यावी. रिझर्व बँकेनें २०१७ सालीं असें ठरविलें कीं, चूक बँकेची किंवा खातेदाराची नसून तिऱ्हाइतामुळें पैसे गेले असतील व बँकेकडून खबर मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें असेल, तर नुकसान खातेदारावर पडूं नये. स्वतःच गुप्त अंक सांगितला असल्यास मात्र कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच. म्हणजे दोन्ही प्रकारीं लवकर बोलण्यांतच हित आहे. शेतांत डुक्कर शिरलें तर आपण लाजून गप्प बसत नाहीं. हाकाटी करून सारा गांव जागा करतों. येथेंही तेंच करावें.