शिकारी कोण, चोर कोण?

शिकारीचा तळ म्हटला की आपल्याला राजेरजवाड्यांचे तंबू आठवतात, मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो आठवतात. पाऊस सरल्यावर माळावर पडणारी फासेपारध्यांची पालं कोणाला आठवतात? कलबुर्गी-बीदर भागात त्यांना हरणशिकारी म्हणतात. हाती फासे, लक्ष्य तितर, ससा, हरण.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्यापासून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्यात भरडले. 1952 मध्ये तो कायदा गेला. त्याच वर्षी चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. 1947 साली शेवटचे तीन चित्ते मारले ते कोरियाच्या महाराजांनी, असे सांगतात. पारध्याच्या फाशाने नव्हे! तरी महाराज ‘शिकारी’ आणि पारधी ‘चोर’?

1972 चा वन्यजीव कायदा हवाच होता. पण पारध्याच्या हातातले फासे काढून घेताना त्या हातात दुसरे काय दिले? ना जमीन, ना धंदा. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावरच जातात.

2009 साली स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आज कडगंचीला आहे. वन्यजीव वाचवायच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढेच सांगावे : पालावरचे पोर त्या वर्गात पोचावे म्हणून आपण काय केले?